भिंगरीची परीक्षा

भिंगरी खुर्चीत बसला तरी त्याचा गुडघा काही बसायचा नाही. उगीच का ऑफिसात सगळ्यांनी हे नाव ठेवलं? घरोघर पाण्याचे फिल्टर विकण्यात अर्धं आयुष्य गेलेलं, त्यामुळे हा बाबा दाढीसुद्धा येरझाऱ्या घालत करायचा. आणि अशा माणसाला कंपनीने संगणकापुढे बसवून परीक्षा द्यायला लावली. घ्या आता!

परीक्षा नव्या मॅडमनी आणली होती. नोकरी मागायला आलेल्या उमेदवारांनी ती द्यायची आणि कंपनीतल्या जुन्या खोडांनीही. ज्याचा निकाल लाल येईल त्याची फिरती बंद. त्याने ऑफिसात बसून तक्रारींचे फोन घ्यायचे. पगार तोच, पण भिंगरीला धास्ती होती ती त्या फोनच्या टेबलाची. कोपऱ्यातलं टेबल, जवळ खिडकीसुद्धा नाही. त्याच्याकडे नुसतं पाहिलं तरी त्याचा जीव घुसमटायचा.

पण गडी वस्ताद. गिऱ्हाइकाला काय ऐकायचंय ते ओळखायचं आणि नेमकं तेच बोलायचं, ही त्याची विद्या. परीक्षा म्हणजे तरी काय, एक गिऱ्हाईकच! ‘नकार मिळाला की मला वाईट वाटतं.’ कधीच नाही. ‘अनोळखी माणसाशी बोलायला मला आवडतं.’ नेहमी. ‘मी आयुष्यात कधीही खोटं बोललेलो नाही.’ अगदी खरं! भराभर उत्तरं ठोकून तो शीळ घालत उठला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्याला आत बोलावलं. वयाने त्याच्या भाचीएवढ्या, पण कामाला चोख.

“काका, तुमचा निकाल लाल आलाय.”

“अहो, चुकलं कुठे?”

“कुठेच नाही, तेच तर चुकलं. इतका गुणी माणूस जगात नसतो. काही प्रश्न खोटेपणा पकडायलाच घातलेले असतात. कधीही खोटं बोललो नाही म्हणे! काका, तुम्ही विक्रेते आहात.”

भिंगरीला हसू आलं आणि त्याच वेळी कोपऱ्यातलं ते टेबलही डोळ्यांपुढे आलं. मॅडम भल्या होत्या. घरून पुन्हा परीक्षा द्या म्हणाल्या, पण या खेपेला खरं लिहा.

संध्याकाळी बायको शिलाईचं काम बाजूला ठेवून शेजारी बसली. ती प्रश्न वाचणार आणि हा उत्तर सांगणार, असं ठरलं.

“नकार मिळाला की वाईट वाटतं?”

“छे!”

“अहो, काहीतरीच काय! परवा कुणी तोंडावर दार आपटलं तर ताटावरून उठलात. ‘नेहमी’ लिहिते.”

“अगं, टेबलाशी बसवतील मला!”

“खोटं लिहून तरी कुठे सुटलात? पुढचा ऐका. अनोळखी माणसासमोर जायची भीती वाटते?”

भिंगरी उठला. गॅलरीत गेला, परत आला, पाणी प्यायला, पुन्हा गॅलरीत गेला.

“लिही,” तो शेवटी तिकडूनच म्हणाला. “वाटते. दारापुढे उभा राहिलो की पोटात गोळा येतो. रोज. एकूण एक दारापुढे.”

बायको त्याच्याकडे बघतच राहिली. “इतक्या वर्षांत मला कधी बोलला नाहीत!”

“तुला सांगितलं असतं ना, तर दुसऱ्या दिवशी जाणं झालं नसतं माझ्याच्याने.”

तिने डोळे पुसले आणि खरं तेच लिहिलं.

निकाल पुन्हा लालच. मॅडमचाही चेहरा उतरला होता. “या वेळी तुम्ही प्रामाणिक आहात, काका. पण नकार सोसायची ताकद फारच कमी दिसतेय. नव्या उमेदवाराचा असा निकाल आला असता तर मी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. तुम्हाला फिरतीवर कशी ठेवू, सांगा?”

भिंगरीचं डोकंच फिरलं. “भीती वाटते का, हे विचारलं तुमच्या परीक्षेने. आणि वाटूनही बेल वाजवतोस का, हे कोण विचारणार? चला माझ्याबरोबर! मग खुशाल टेबलाशी बसवा.”

मॅडम खरंच निघाल्या. जवळच्याच एका इमारतीत पहिल्या दारातल्या बाईंनी त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत दार लावलं. दुसऱ्या दारातल्या गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं, फिल्टरचं पाणी पिऊन पाहिलं, दुसरा पेला मागितला, आणि वर सुनावलं, “तुम्हा लोकांनी नुसता वैताग आणलाय. नकोय.”

“बरं, येतो,” म्हणत भिंगरी पेला पुसायला लागला. त्याचे कान लाल झाले होते. मॅडमना ते दिसलं. दोन नकारांतच त्या खाली जायच्या जिन्याकडे वळल्या होत्या.

“काका, पुरे. चला परत. त्रास होतोय तुम्हाला.”

“होतोय की. रोजच होतो.” बोलता बोलता तो जिना चढूनही गेला.

तिसऱ्या दारापुढे तो थबकला. सदऱ्याची कॉलर सारखी केली आणि बेल वाजवली. आतून कुणीतरी पाय आपटत आलं आणि दाराआडूनच खेकसलं, “कोण कडमडलंय आता?”

मॅडम झटकन भिंगरीच्या पाठीमागे सरकल्या. त्यांनी त्याची बाही घट्ट धरली होती.

“काका, तुम्हीच बोला हं,” त्या कुजबुजल्या. “टेबलाशी मी दुसऱ्या कुणालातरी बसवते.”