इलॅस्टिकच्या चादरीची घडी

हॉटेलच्या लाँड्रीत पंधरा माणसं राबत होती, पण इलॅस्टिकच्या चादरीची घडी घालावी तर ती घडीकाकूंनीच. बाकीच्यांच्या हातात त्या चादरीचं नुसतं बोचकं व्हायचं. बोचकी कपाटात मावायची नाहीत, कपाटाचं दार लागायचं नाही आणि मग मॅनेजरचं तोंडही बंद व्हायचं नाही.

आता काकूंना सुट्टी हवी होती. लेक पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, आणि राहायला दूर. मॅनेजर म्हणाला, "खुशाल जा. पण आधी चौघींना घडी शिकवा. कपाटाचं दार लागलं की सुट्टी."

काकूंनी तीन दिवस घसा कोरडा केला. पण त्यांचे हात इतके भराभर चालायचे, की बघणारीला काही दिसायचंच नाही. शेवटी इस्त्रीवाली म्हणाली, "काकू, घरी निवांत व्हिडिओ काढा आणि आमच्या ग्रुपवर टाका. आम्ही थांबवून थांबवून बघू."

घरी व्हिडिओ काढायला होते फक्त यजमान. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. काकूंचा फोन घेऊन ते स्टुलावर चढले आणि पहिल्या कोपऱ्यापासूनच सूचना सुटल्या.

"डावीकडे घे. अजून. आता सरळ."

"अहो, चादर आहे ही."

"मागचा कोपरा सुटतोय बघ. आरशात बघायची सवय नाही तुला."

चौथा कोपरा हातात आला आणि काकूंचा संयम सुटला. त्या गर्रकन वळून ओरडल्या, "अहो, गप्प बसा हो तुम्ही!"

हा व्हिडिओ चारचौघींत दाखवायची सोय नव्हती. काकूंनी ठेवणीतली साडी नेसून दुसरा काढला. गोड आवाज, संथ हात, आणि यजमानांचा एक हात त्यांच्या स्वतःच्याच तोंडावर. तो ग्रुपवर गेला, चौघींनी वीस वीस वेळा पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी चार बोचकी तयार झाली. मॅनेजरने सुट्टीचा अर्ज परत दिला. संध्याकाळी काकू घरी येऊन ढसाढसा रडल्या. लेकीला काय तोंड दाखवू, म्हणाल्या.

यजमानांना वाईट वाटलंच. पण दुसऱ्या व्हिडिओत आपला आवाज नाही, हे त्यांना त्याहून जास्त लागलं होतं. काकू तोंड धुवायला गेल्या तेवढ्यात त्यांनी पहिला व्हिडिओ ग्रुपवर सोडून दिला.

सकाळी काकू लाँड्रीत शिरल्या, तर चौघी टेबलाभोवती उभ्या, मागे मॅनेजर. पहिला कोपरा, दुसरा, तिसरा, चौथा. मग चौघी एकदम मॅनेजरकडे गर्रकन वळल्या आणि ओरडल्या, "अहो, गप्प बसा हो तुम्ही!"

चारही चादरी सटकन सपाट झाल्या. कपाटाचं दार लागलं. मॅनेजर खरंच गप्प बसला होता.

"अगं, ते ओरडणं घडीत धरायचं नसतं!" काकू शरमून म्हणाल्या. चौघींनी न ओरडता घडी घालून बघितली. बोचकं. मग काकूंनीच व्हिडिओ नीट पाहिला. वळून ओरडताना त्यांच्या हातांनी चादरीला एक सणसणीत झटका दिला होता. सगळी कला त्या झटक्यात होती आणि इतक्या वर्षांत त्यांना स्वतःलाच त्याचा पत्ता नव्हता.

सुट्टी मंजूर झाली. मॅनेजरला मात्र रोज सकाळी ओरडा खायला टेबलापाशी उभं राहावं लागू लागलं.

लेकीला मुलगी झाली. बाळाच्या पाळण्याची चादर एवढीशी, पण इलॅस्टिकची. काकूंनी चार कोपरे जुळवले, झटका दिला, आणि बोचकं झालं. झटका ठाऊक झाल्यापासून तो नीट बसेना. ओरडावं तर समोर बाळंतीण आणि बाळ. काकूंना एकाएकी फार एकटं वाटलं. त्यांनी चादर घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन घरी फोन लावला, तो स्पीकरवर टाकला आणि टेबलावर ठेवला.

"अहो, काहीतरी बोला ना."

"काय बोलू? घर कसं सुनं सुनं वाटतंय." मग यजमानांनीच विचारलं, "चादर धरलीयस का हातात? कुठला कोपरा?"

"डावा."

"चुकलं. उजवा धर. आता हळूहळू मागे घे."

"अहो, गप्प बसा हो तुम्ही!"

चादर सटकन सपाट झाली. काकूंनी पदराने डोळे पुसले.

"फोन ठेवू नका," त्या म्हणाल्या. "अजून तीन चादरी आहेत."