शेवटचा रकाना

"बाबा, ऐकू येतंय का? दहा मिनिटांत सांगा. जाऊ की थांबू?"

गुणवंतराव सोनटक्क्यांनी फोन इतका घट्ट धरला, की चष्म्याची काडी कानामागे रुतली. केतकी परदेशात डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. निवडणुकीच्या निकालावरून चार दिवस तिथली राजधानी पेटली होती. इंटरनेट बंद, फोन लागला तर लागला. आज सकाळपासूनचा हा पहिलाच.

"नीट सांग, बेटा. काय झालं?"

"ते लोक हॉस्टेलच्या मागच्या गल्लीपर्यंत आलेत. काल शेजारची बिल्डिंग जाळली. वर्गातल्या राघवनं बॉर्डरपर्यंत गाडी ठरवलीय, त्यात एकच सीट उरलीय. पण एम्बसीचा मेसेज आहे, बाहेर पडू नका. आणि रस्त्यात नाके आहेत, बाबा. बंदूकवाल्यांचे."

मटाराची परात तशीच टाकून इंदुमती आत आल्या. "काय म्हणते? अहो, स्पीकरवर टाका ना!"

तो मेसेज गुणवंतरावांना तोंडपाठ होता. दिल्लीच्या सरकारी नोकरीत अठ्ठावीस वर्षं काढलेली. जगात कुठं दंगल उसळली, की त्यांची नेमणूक मदतीच्या फोनवर. टेबलाच्या काचेखाली कागद असायचा : आहात तिथंच थांबा, बाहेर पडू नका, पुढील सूचनेची वाट पाहा. कागदाबाहेरचा शब्द बोलायचा नाही, हा तिथला शिरस्ता. गुणवंतरावांना तो मानवला. मुळात माणूस भिडस्त. स्वतःचं मत द्यायचं म्हटलं, की दुसऱ्याकडं बघायचे. गाझियाबादच्या बाजारात भाजीवाल्यानं "पालक दूँ या मेथी?" विचारलं, तरी ते घरी फोन लावत.

प्रत्येक फोनची नोंद रजिस्टरात व्हायची. नाव, पासपोर्ट, ठिकाण आणि शेवटचा रकाना : पुन्हा संपर्क झाला का. बारा वर्षांपूर्वी एका दुपारी परदेशातल्या दंगलीत अडकलेल्या अण्णासाहेब नावाच्या वेल्डरचा असाच फोन आला होता. मराठी ऐकून गडी हरखला. "साहेब, तुम्ही आपलेच निघालात की! ट्रक दारात उभाय. बसू का?"

गुणवंतरावांनी कागद वाचून दाखवला होता.

"बरं साहेब. तुम्ही म्हणाल तसं करतो."

पुढं तो नंबर लागलाच नाही. महिनाभर ते रोज लावत राहिले. शेवटचा रकाना कोरा राहिला. कुणी त्यांना बोल लावला नाही. कागद बरोबरच होता. तो माणूस नंतर परस्पर घरी पोचलाही असेल. पण हे त्यांनी इंदुमतींनाही कधी सांगितलं नव्हतं.

"बाबा? पाचच मिनिटं राहिलीत."

"तुला काय वाटतं?"

"मला काही सुचत नाहीये! तुम्ही इतकी वर्षं हेच काम केलंत ना? तुम्ही म्हणाल तसं करते."

गुणवंतराव भिंतीला टेकले.

"ड्रायव्हर कोण आहे?"

"तिथलाच आहे. बायको आणि दोन मुलींनाही घेतोय बरोबर."

"स्वतःच्या पोरींना घेतोय?"

"हो. पुढं बसवल्यात."

ते भिंतीपासून सरळ झाले.

"निघ."

"नक्की?"

"निघ, केतू. पासपोर्ट अंगावर ठेव. नाक्यावर कुणाशी हुज्जत घालू नकोस. आणि—"

फोन तुटला.

इंदुमती त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. "सरकार सांगतंय थांबा, आणि तुम्ही निघ म्हणालात? जन्मात कधी पलंगाची चादर निवडली नाहीत तुम्ही! तिला काही झालं तर?"

गुणवंतरावांनी जुन्या ऑफिसचा मदतीचा नंबर फिरवला. एका बाईंनी उचलला. गुणवंतरावांनी शिस्तीत केतकीचं नाव सांगितलं, पासपोर्टचा नंबर सांगितला.

"सर, उनसे कहिए जहाँ हैं वहीं रहें। बाहर बिल्कुल न निकलें। अगली सूचना का..."

बाई वाचत होत्या. कागदावरची ओळ संपली की येणारा तो विराम गुणवंतरावांनी ओळखला.

"मैडम, वो निकल चुकी है। मैंने ही भेजा है।"

बाईंचा आवाज उतरला. "तो जगह क्या लिखूँ, सर?"

"रास्ते में, लिखिए। और बहनजी, आख़िरी कॉलम... रोज़ एक बार देख लीजिएगा।"

"देखूँगी, सर।"

बाहेरच्या खोलीत इंदुमती परातीपुढं बसल्या होत्या. ते समोर जाऊन बसले आणि फोन मटाराच्या दाण्यांवर ठेवला. बॉर्डर सहा तासांवर होती. त्यांनी एक शेंग उचलली. जरा वेळानं इंदुमतींनीही उचलली. शेंगा संपल्या. तेव्हा इंदुमतींनी सालांचा ढीग जवळ ओढला आणि त्या रिकामी सालं एकेक करून पुन्हा उघडून पाहायला लागल्या. गुणवंतरावांनी अर्धा ढीग आपल्याकडे घेतला.