डाव्या हाताचे चाळीस हजार

"माझ्या प्रोग्राममधून निघालेला आकडा चुकत नाही, लिहून घ्या!" सोमवारी चहाच्या वेळी दाजींनी छाती फुगवून सांगितलं. मंगळवारी हातमोज्यांच्या कारखान्यात डाव्या हाताचे चाळीस हजार हातमोजे कापून पडले. हवे होते चाळीस.

दाजी हे काही त्यांचं नाव नव्हे. कटिंगवर त्यांचा मेव्हणा होता, तो दाजी म्हणायचा, म्हणून अख्खा कारखाना म्हणायचा. कापायच्या आधी त्याने फोन केला होता.

"दाजी, चाळीस हजार? आणि सगळे डावेच? उजव्या हातांनी काय घोडं मारलंय?"

"कागदावर काय आलंय?"

"चाळीस हजार."

"मग काप की! आता तू मला आकडे शिकवणार?"

साहेबांनी "हा गाढवपणा कुणाचा?" म्हणून विचारलं, तेव्हा दाजी तिथेच होते. साहेबांकडे येताना जिन्यातच त्यांना आपली चूक उमगली होती. रोज मागणीचा आकडा दाजींच्या प्रोग्रामला दुसरा एक प्रोग्राम पाठवायचा, दशांशानंतर दोन घरं धरून. त्या दिवशी घाईत दाजींनी तो स्वतः टाइप केला, आणि हाताने टाइप केलेला आकडा ते जुनं मशीन पाच घरं धरून पाठवतं. दशांशचिन्ह काही सोबत जात नाही, नुसते अंक जातात. चाळीसपुढे पाच शून्यं गेली; घेणाऱ्या प्रोग्रामने नेहमीसारखी दोनच घरं मोजली, उरलेली तीन शून्यं आकड्यातच राहिली. चाळीसचे चाळीस हजार झाले. नव्याने आलेल्या प्रत्येकाला दाजी हे पहिल्याच दिवशी बजावायचे.

पण साहेबांना त्यांनी हे सांगितलं नाही. कापले मेव्हण्याने, म्हणून साहेबांनी त्यालाच घरी बसवलं. जाताना त्याने दाजींकडे एकदा पाहिलं. फोनचं मात्र कुणाला बोलला नाही.

तीन आठवडे बायको रोज जेवताना विचारायची, "माझ्या भावाचं डोकं फिरलं होतं का हो?"

"होतं असं कधीकधी," दाजी ताटात बघत म्हणायचे.

शेवटी ते साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "चूक माझी होती."

"हे आत्ता सांगताय? बोलवा त्याला. आणि तो प्रोग्राम आधी दुरुस्त करा."

दाजींनी घेणाऱ्या प्रोग्राममध्ये दोनाची पाच घरं केली, हाताने चाळीस टाइप केले, चाळीसच आले. डोळे पुसले. रोज पाठवणाऱ्या प्रोग्राममध्ये घरं दोनच राहिली.

मेव्हणा कामावर आला. त्या दिवशी रोजच्या प्रोग्रामने दोन हजारांची मागणी पाठवली. कागदावर दोन आले. त्याने फोन केला नाही, दोन कापले. दुपारी साहेबांनी पुन्हा त्यालाच बोलावलं.