माझ्यात कुणाचीच फाइल नव्हती

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. सांवेर रोडच्या गोदामात भंगाराच्या पोत्यात पडून बोलते आहे. समोर चुरा करणारं यंत्र आहे, म्हणून भरभर सांगते.

माझी उमेदीची वर्षं इंदूरच्याच एका डेटा सेंटरमध्ये गेली. पूर्वी तिथे प्रत्येक फाइलच्या तीन अख्ख्या नकला ठेवत. जागा पुरेना. मग तिथल्या मुख्य इंजिनिअर देवयानीताईंनी नवी पद्धत आणली. फाइलचे चार तुकडे करायचे, त्यांच्यावरून गणिताने आणखी दोन जोडतुकडे काढायचे, आणि सहा डिस्कांवर एकेक ठेवायचा. सहांतले कोणतेही चार हाती असले की फाइल पुन्हा उभी राहते. निम्मी जागा वाचली! माझ्या वाट्याला जोडतुकडे आले. माझ्यात कुणाचा फोटो नाही, पत्र नाही, नुसती आकडेमोड. तरी ताई माझं कौतुक करायच्या आणि मी फुशारून जायची.

गेल्या महिन्यात तपासणी यायची होती. स्वच्छतेचा तोरा मिरवणारं आमचं शहर. ऑफिसातही ओल्या, सुक्या आणि ई-कचऱ्याचे डबे मांडले गेले. ताई रजेवर होत्या. जयेश या नव्या इंजिनिअरने मला उघडून पाहिलं, पण त्याला एक अक्षर लागेना. "यात तर नुसता गार्बेज आहे भिया," असं इंदुरी थाटात शेजारच्या 'भावा'ला म्हणत त्याने माझं लेबल सोललं आणि मला ई-कचऱ्यात टाकलं. पाच डिस्क उरल्या होत्या, त्यामुळे काम अडलं नाही. माझी आठवणही कुणाला झाली नाही, आणि याचा मला फार राग आला.

आज तोच जयेश इथे धावत आला. सोबत महूचे विक्रांत आहेत. त्यांच्या बोलण्यातून कळलं की काल विजेच्या झटक्याने आणखी दोन डिस्क जळाल्या. उरल्या तीन, आणि फाइल उभी राहायला चार लागतात, म्हणून आता मला शोधताहेत. विक्रांत यांच्या लहानग्या लेकीच्या, ईशाच्या, डोक्यात गाठ आहे आणि तिचे जुने स्कॅन आमच्यातच आहेत. ते पाहिल्याशिवाय डॉक्टर उद्या ऑपरेशनला हात घालणार नाहीत, आणि उशीर झाला तर पोरीची नजर जाईल.

"भिया, मशीन जरा रोकून ठेवा," विक्रांत गोदामवाल्या उदयसिंहांना म्हणाले. "तिला सकाळपासून माझा चेहरासुद्धा नीट दिसत नाहीये."

"ट्रक भरना है. चाय पी लूँ, तब तक देख लो."

जयेश लॅपटॉपला एकेक डिस्क लावतोय. कुणाच्या लग्नाचे फोटो निघतात, कुणाची बिलं. वाचता येतं ते तो बाजूला टाकतोय. माझा आवाज त्यांना ऐकू जात असता तर घसा फाटेपर्यंत ओरडले असते.

मित्रांनो, आपल्याला कळत नाही ते निकामीच, असं ठरवू नका. फेकण्याआधी जाणत्या माणसाला विचारा. एवढंच मागते.

उदयसिंहांचा चहा संपला. यंत्राचा पट्टा फिरू लागला. जयेश तपासतोय ते पोतं विक्रांत छातीशी धरून बसलेत, काही केल्या सोडत नाहीत. पण मी त्या पोत्यात नाही. मी शेजारच्या पोत्यात आहे, आणि ते आत्ताच पट्ट्यावर चढवलं.