नानासोनं घेतलेला नारळ

कवठे महांकाळच्या स्टँडसमोर नानासोचं पेंडीचं दुकान आहे. तिथं पेंड मिळते, भुसा मिळतो आणि कुणी विचारो न विचारो, जगातल्या यच्चयावत खेळाडूंची लायकी काय ते ऐकायला मिळतं. म्हशीला सरकी न्यायला आलेल्या माणसाला नानासो आधी पोत्यावर बसवून घ्यायचा. मग क्रिकेटवाल्यांपासून सुरुवात. ते खेळायचं सोडून जाहिराती करत हिंडतात. कबड्डीवाले केसांना रंग लावतात. पोलीस भरतीपुरतं पळणारी पोरं तर खेळाडूच नव्हेत. असं एकेकाला सोलून झालं की गाडी कुस्तीवर यायची, आणि तिथं आली की मग ती हलायची नाही.

आता ह्या गृहस्थानं स्वतः कधी कुस्तीसाठी लांग कसली होती का, तर नाही. लहानपणी मेंढरांमागं फिरला, थोरपणी पेंड विकली. पण जत्रेचं एक मैदान चुकवलं असेल तर शपथ. कोण कुठल्या डावावर पडला ते त्याला तोंडपाठ होतं, आणि त्या जोरावर तो निकाल द्यायचा. त्याचे कायदे ठरलेले. पैलवानानं लवकर लग्न केलं की तो संपला. पैलवान बाजारात भाजीची पिशवी धरून दिसला की संपला. आणि दुखापत झाली म्हणून कुस्ती सोडली, तर तो पैलवान नव्हताच कधी. "दुखापत म्हंजे पळवाट रं," नानासो म्हणायचा. "भ्या वाटलं की मग ह्यांचा गुडघा दुखतोय."

हे नुसतं बोलणं असतं तर कुणाचं काय गेलं असतं? पण गावातली माणसं त्याचं बोलणं मोबाइलवर धरायची आणि सगळ्या तालुक्यात फिरवायची. ऋषिराज म्हणून ढालगावकडचा एक गुणी पैलवान खांदा निखळला म्हणून एका मैदानातून मागं सरला. नानासोनं त्याला पळपुटा म्हटलं. तेवढा एक शब्द त्याला असा चिकटला की लोक एसटीत सुद्धा त्याच्या पाठीमागून तो शब्द टाकायला लागले. त्यानं मैदानाला यायचंच सोडलं. नानासोला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही. उलट आपल्या शब्दाला किती वजन आहे, हे तो गिऱ्हाइकाला वर सांगायचा.

अशा माणसानं आपली एकुलती एक लेक सोनम पैलवानालाच दिली, यात नवल नाही. जावई राजवर्धन मिरजेजवळचा. अंगानं दांडगा, बोलायला कमी, आणि त्या साली त्यानं मैदानं गाजवली होती. नानासोनं त्याचं घर बघितलं नाही, रान बघितलं नाही. लग्न लवकर केलं की पैलवान संपतो हा स्वतःचाच कायदा तेवढ्यापुरता खुंटीला टांगला आणि लग्न लावून दिलं. "पैलवान जावई हाय माझा," असं म्हणताना त्याची छाती भरून यायची.

तो जावई शिमग्याच्या आधी सोनमला पहिल्या बाळंतपणाला माहेरी सोडायला आला, तो गळ्यात पट्टा घालून. मानेचा पांढरा पट्टा. पिकअप दुकानासमोर थांबली आणि पोत्यांवर बसलेली माणसं टकाटका बघायला लागली.

"आधी ते काढा," नानासो दबक्या आवाजात म्हणाला. "गाव बघतंय."

"मामा, मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलंय. मणका सरकलाय. शिरंवर दाब आलाय. डाव्या हातातनं कप बी पडतोय. आता कुस्ती बंद."

"मिरजेचा डाक्टर कवा मैदानात आलाय व्हय? त्याला काय कळतंय कुस्तीतलं?"

"कुस्तीतलं न्हाई, मानंतलं कळतंय त्याला," सोनम गाडीतनं उतरता उतरता म्हणाली. तिला सातवा सरत आला होता, उतरायला कष्ट पडत होते. बापानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "आण्णा, आनखी एक हिसडा बसला तर हात-पाय जातील म्हनलेत. मला नवरा खाटंवर नकोय."

राजवर्धननं पट्टा काढला नाही. बायकोला सासूच्या हवाली केलं, चहा घेतला आणि तो निघून गेला. इकडं नानासोच्या डोक्यात तिडीक गेली ती गेलीच. ज्या तोंडानं त्यानं भल्याभल्यांना पळपुटं ठरवलं होतं, त्याच तोंडानं आता जावयाची मान दुखते म्हणून सांगायचं? ऋषिराजच्या गावची माणसं तर टपूनच बसली असतील. त्याला जेवण जाईना. धोंडुबाई, त्याची बायको, ताट पुढं करायची आणि तो भाकरी चिवडत बसायचा.

त्याच आठवड्यात यात्रा कमिटीचा लालासाहेब दुकानावर आला. आमच्या भागात मैदानाची कुस्ती नेमतात ती अशी: कमिटीवाले नारळ घेऊन पैलवानाच्या दारात जातात. नारळ हातात घेतला की कुस्ती घेतली. कागद नाही, सही नाही. नारळ घेऊन जो मैदानात आला नाही, त्याचं नाव त्या पंचक्रोशीत कुणी घेत नाही. लालासाहेबानं मिरजेला जायचा हेलपाटा वाचवला होता.

"नानासो, औंदा नंबर एकच्या कुस्तीला आपला जावई घालावा म्हनतोय. समोर धनाजी हाय, कराडचा. पर लोक काय बाय बोलत्यात. मानंचं काय तरी हाय म्हनं?"

पोत्यांवर माणसं बसलेली होती. सगळ्यांनी कान टवकारले. त्यातल्या एकानं मोबाइलसुद्धा वर धरला.

"कोन म्हनतंय?" नानासो उठला. "आन तो नारळ हिकडं."

आणि घेतला त्यानं. ज्याच्या मानेचा प्रश्न होता त्याला विचारलं नाही, पोटुशी लेक घरात होती तिला विचारलं नाही. परक्याची मान पणाला लावली आणि वर मिशीला ताव दिला. दुसऱ्या दिवशी स्टँडवर फ्लेक्स लागला. त्यावर राजवर्धन लांग कसून उभा, शेजारी धनाजी आणि खाली कोपऱ्यात हात जोडलेला नानासो.

घरी जे व्हायचं ते झालं. सोनम रडली नाही, ती चिडली. "तुमी कोन हो नारळ घेनारं? मान तुमची हाय का?"

"अगं, एक कुस्ती. धनाजी पोरगाच हाय. धा मिनिटं खडाखडी करायची, बरोबरीत सोडवायची. मी बोलतो पंचाशी."

"म्हंजे आधीच ठरवलेली, नुरा कुस्ती? तुमी? आख्ख्या तालुक्याला नुरा नुरा म्हनून शिव्या घालता, आनि घरच्याला तेच शिकवता?"

ह्यावर नानासो ओरडला. पैलवानाच्या बायकोनं कसं वागावं, मैदानातल्या गोष्टीत बाईनं तोंड घालू नये, पूर्वीच्या पैलवानांच्या बायका कशा होत्या, असं त्यानं बरंच काही ऐकवलं. धोंडुबाई चुलीपुढनं उठली नाही. नुसती म्हणाली, "लेकीचं कुक्कू पणाला लावलंय तुमी." तो तिच्यावरही खेकसला.

मग राजवर्धनचा फोन आला. नानासोनं आधीच तयारी ठेवली होती. जावई नाही म्हणाला तर काय काय सुनवायचं ते सगळं जिभेवर होतं. पण राजवर्धन शांतपणे म्हणाला, "मामा, नारळ तुमी घेतलाय. मी येतो." एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. नानासोची कळी खुलली. त्यानं ती गोष्ट दुकानात येईल त्याला सांगितली. "रगत हाय रगत," तो म्हणाला. "मानबिन काय नसतंय."

मैदानादिवशी गाव लोटलं होतं. हलगी घुमत होती, बायका देवळाच्या पायऱ्यांवर दाटून बसल्या होत्या. नानासो नवा फेटा बांधून कमिटीच्या खुर्चीत पहिल्या ओळीत. नंबर एकची कुस्ती पुकारली आणि राजवर्धन गर्दीतनं आला. पट्टा गळ्यातच. आखाड्याच्या कडेला त्यानं कपडे उतरवले, पट्टा काढला, नीट घडी घालून कपड्यांवर ठेवला, लांग चढवलेली होतीच. माती कपाळाला लावली. टाळ्या अशा पडल्या की नानासोला खुर्चीत बसवेना.

धनाजीनं शड्डू ठोकला आणि हात पुढं केला. राजवर्धननं तो हात धरला, त्याच्या कानात काहीतरी बोलला. मग तो खाली बसला. एक हात मानेखाली घेऊन जपून मागं कलला आणि आखाड्याच्या मधोमध उताणा पडला, दोन्ही खांदे मातीला टेकवून. धनाजी तसाच उभा. पंच शिट्टी तोंडात धरून उभा. हलगीवाल्याचा हात थांबला.

"नुरा!" कुणीतरी बोंबललं, आणि मग सगळं मैदान बोंबललं. चपला आल्या, पाण्याच्या बाटल्या आल्या. लालासाहेब माइक घेऊन धावला. "राजवर्धन, ह्यो काय तमाशा?"

राजवर्धन कुशीवर होऊन सावकाश उठला. माइकपाशी तोंड नेलं. "मामांनी नारळ घेतला हुता, म्हनून आलो. शब्द ऱ्हायला त्यांचा. माझ्या मानंचा मणका सरकलाय, ते मी त्यास्नी तवाच सांगितलं हुतं. धनाजी जिकला. गदा त्याला द्या, त्याची काय चूक न्हाई." असं म्हणून त्यानं पट्टा उचलला, गळ्यात घातला आणि शर्ट अडकवायला लागला.

आता सगळं गाव नानासोकडं बघत होतं. मोबाइल वर झाले. लालासाहेबानं माइक त्याच्यापुढं धरला. नानासोला त्या क्षणी दोन वाटा होत्या. एक अशी, की खरं आहे, मला सांगितलं होतं, चूक माझी. पण ते वाक्य त्याला आयुष्यात कधी बोलायला लागलं नव्हतं. दुसरी वाट रोजची होती.

"ह्यो पैलवान न्हाई," तो म्हणाला. आवाज चिरकला, मग सापडला. "ह्यो पळपुटा हाय. आजपासनं ह्यो माझा जावई न्हाई. अरं, असल्याच्या पदरात लेक टाकली, त्यापेक्षा ती बिनलग्नाची ऱ्हायली असती तर बरं झालं असतं." आणि जावयाकडं बोट करून, ज्याला आजवर कधी एकेरी बोलला नव्हता त्याला, तो म्हणाला, "चल नीघ. तोंड दाखवू नगंस."

शिट्ट्या पडल्या. "शाबास नानासो," मागून कुणी म्हणालं. नानासोला बरं वाटलं. होय, बरंच वाटलं त्याला. अब्रू वाचली असं वाटलं. मग त्यानं सहज देवळाकडं बघितलं. पायऱ्यांवरनं सोनम उठत होती. एका हातानं पोट धरलं होतं, दुसरा हात आईच्या खांद्यावर. दोघी मागं वळून न बघता गर्दीतनं निघून गेल्या.

नानासोला घरी पोचायला उशीर झाला, कारण वाटेत जो तो थांबवून पाठ थोपटत होता. दारात पिकअप उभी होती. सोनम पुढं बसलेली. राजवर्धन गाडीच्या पलीकडच्या अंगाला उभा. धोंडुबाई घरातनं सामान आणून ठेवत होती: डिंकाचा डबा, बाळंतशेपा, मऊ झालेली जुनी लुगडी, शिवून तयार केलेली दुपटी. शेवटी तिनं स्वतःची पिशवी ठेवली.

"ह्ये काय चाललंय?" नानासो म्हणाला. "पहिलं बाळंतपन म्हायेरात व्हतंय. लोक काय म्हनतील?"

"म्हायेरातच व्हनार हाय," धोंडुबाई म्हणाली. "लेकीचं म्हायेर म्हंजे आई. ती चालली तिच्यासंगं. घराला काय, घर मिरजेत बी मिळतंय."

"सोनम, खाली उतर."

सोनमनं काच खाली केली. "ज्याच्या बायकोचं बाळंतपन करायचंय, त्यो तुमचा कोन न्हाई म्हनालात. सगळ्या गावानं ऐकलंय, आण्णा. मग मी तरी तुमची कोन?" आणि काच वर केली.

"आनि माझं कसं?" नानासो बायकोला म्हणाला. हे त्याच्या तोंडातनं आपोआप निघालं.

"तुमाला गाव हाय की," धोंडुबाई म्हणाली. "भाकरी टोपल्यात हाईत आजच्या." ती मागच्या हौद्यात गोधडी टाकून बसली. राजवर्धननं सासूला हात दिला, फाळका लावला आणि गाडी गेली.

नानासो ओसरीवर फेट्यासकट बसून राहिला. मोबाइल वाजायला लागला. लालासाहेब होता. तुमचं भाषण लय चाललंय म्हणून सांगत होता. जत, आटपाडी, पार सांगोल्यापर्यंत गेलंय. लोक विचारायला लागलेत, आता पुढं काय म्हणणार नानासो?

"लालासाहेब," नानासो म्हणाला, "मिरजेत सोनमचं नाव बाळंतपनाला कुठल्या दवाखान्यात घालनार हाईत, ठावं हाय का रं तुला?"

लालासाहेबाला ते कसं ठाऊक असणार? तो म्हणाला, "त्ये मला काय म्हाईत गड्या," आणि परत भाषणाचंच बोलायला लागला.