दुसऱ्यांदा न आलेले पाहुणे

चष्मेवाल्याच्या घरी बैठ्या खेळांचे त्रेसष्ट खोके होते, आणि ते खेळायला दुसऱ्यांदा आलेलं माणूस एकही नव्हतं. हे दोन्ही आकडे त्याच्या बायकोला तोंडपाठ होते. पहिल्यांदा आलेले एकोणीस. त्यात समोरचा दातांचा डॉक्टर होता, वरच्या मजल्यावरचं नवंकोरं जोडपं होतं, पोहायच्या तलावावर ओळख झालेला एक गरीब गृहस्थ होता. सगळे तीन-तीन तास बसले, "छान होतं हं" म्हणाले, आणि त्यानंतर जिन्यात दिसले की नेमके घाईत असायचे.

चूक कुठे होतेय हे चष्मेवाला सोडून सगळ्यांना दिसत होतं. नवखं माणूस दारात आलं की तो त्याच्यापुढे स्वतःच्या आवडीचा खेळ मांडायचा, तो बंदराचा. दोनशे बारा लाकडी तुकडे आणि चाळीस पानांचे नियम. ते सांगायला पाऊण तास लागायचा आणि त्या पाऊण तासात टेबलावर खूश असा तो एकटाच असायचा. "गोदी भरली की जहाज सुटतं. याला अपवाद तीन." पहिल्या अपवादाला लोक मान डोलवायचे, दुसऱ्याला पाणी मागायचे, तिसऱ्याला फोन काढायचे. गेल्या खेपेला त्याचा साडू तर बसल्या जागी झोपला होता. साडू लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून घरात सगळे त्याला 'लिफ्टवाले'च म्हणत. अंधाऱ्या खड्ड्यात दिवस दिवस जागा राहणारा माणूस, पण बंदरावर त्याचे डोळे मिटले.

बायको नाटकांचे पोशाख शिवायची. शिलाई मशीन स्वयंपाकघरातल्या टेबलावर, त्यामुळे भातात कधी खडा लागायचा तर कधी टिकली. चांगला उजेड यायचा तो मागच्या खोलीत, खिडकीशी. तिथे खेळांचं कपाट उभं.

"खोक्यांना उजेड कशाला लागतो हो?" तिने एका सोमवारी विचारलं.

"अगं, ओल लागते दुसरीकडे."

"मलाही लागते. ऐका, रविवारी छोटी आणि लिफ्टवाले येतायत. खेळा त्यांच्याशी. त्या दोघांपैकी एकाने जरी आपणहून आणखी एक डाव मागितला, तर कपाट हलणार नाही आणि मी जन्मात तो विषय काढणार नाही. नाही मागितला, तर दुसऱ्या दिवशी सगळे खोके वाचनालयाला. तुम्ही विचारायचं नाही. त्यांना आधी सांगायचंही नाही."

"चौथं माणूस?"

"मी बसेन की. तोंड वाकडं करणार नाही, शब्द देते."

ही बाई दिलेला शब्द पाळायची. म्हणजे ती खरंच खेळणार होती आणि रविवारी खरंच निकाल लागणार होता.

बुधवारी ही छोटी, म्हणजे त्याची मेहुणी, दुकानात आली. चाळिशी उलटली तशी ती वर्तमानपत्र हाताच्या टोकाला धरू लागली होती आणि आता हात पुरेना. चष्मेवाल्याने तिला तपासणीची जड चौकट चढवली, एक काच बसवली, ती काढून दुसरी बसवली.

"आधीची बरी, की ही?"

"आधीची."

"आणि आता?"

"ही... हां, ही."

दहा मिनिटांत ती सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचू लागली.

"भाऊजी," चौकट उतरवत ती म्हणाली, "दुकानात तुम्ही किती कमी बोलता हो."

"इथे काय बोलायचं? डोळा तुझा, दिसतं तुला. मी आपला काचा बदलतो."

"मग घरी काय होतं तुम्हाला?"

"घरी काय?"

"काही नाही. यांना मागे त्या बंदरावर झोप लागली ना, तेव्हा जागी राहून मला तुमचा दुसरा अपवाद ऐकावा लागला. अजून मी त्यांना माफ केलेलं नाही."

ती हसत निघून गेली. चष्मेवाला मात्र हातातली काच पुसत बसला. ती केव्हाच स्वच्छ झाली होती. बावीस वर्षांच्या धंद्यात त्याने कुणाला डोळ्याच्या आत काय काय असतं यावर व्याख्यान दिलं नव्हतं. आणि घरी? घरी त्याने आपल्या नंबरचा चष्मा एकोणीस जणांच्या नाकावर ठेवला होता आणि वर विचारलं होतं, काय, मस्त दिसतंय ना?

गुरुवारपासून रोज संध्याकाळी तो कपाटापुढे मांडी ठोकून बसू लागला. एक खोका काढायचा आणि भिंतीला त्याचे नियम सांगायचे. तोंडात 'मात्र' शब्द आला की खोका परत आत. पहिल्याच संध्याकाळी अठ्ठावीस गेले. मग माणसं डोळ्यांपुढे आणली. थापा मारायचे खेळ बाद, कारण लिफ्टवाल्यांना खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. शब्द जुळवायचे बाद, तिथे मेहुणी सगळ्यांना पाणी पाजेल आणि साडू हिरमुसेल. ज्यात एकेक गडी बाहेर पडून नुसता बघत बसतो तेही बाद. सगळ्यांनी मिळून आग विझवायची असा एक होता, फार सुंदर होता, पण त्यात एकच माणूस बाकीच्यांना हुकूम सोडत बसतो, आणि तो माणूस कोण असेल हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो खोका परत ठेवताना त्याने थोडा वेळ कुरवाळला.

"दिसतोय का कुठला नंबर?" दारातून बायकोने विचारलं. तिच्या हातात कपडा मोजायची फीत होती आणि ती खिडकीची रुंदी मोजत होती.

शेवटी हाती उरली ती साबणाच्या वडीएवढी डबी. बंदराच्या खोक्याबरोबर फुकट आलेली, अजून वरचा प्लास्टिकचा कागदही न काढलेली.

रविवारी दुपारी चौघं बसली. चष्मेवाल्याने डबी उघडली, दोन्ही हात टेबलाखाली घेतले, बोलताना हलू नयेत म्हणून.

"प्रत्येकाकडे एक ते बारा आकड्यांचे पत्ते. मधे माशाच्या चित्राचं एक पान उघडायचं. सगळ्यांनी एकेक पत्ता उलटा ठेवायचा आणि एकदम उघडायचा. ज्याचा मोठा त्याला मासा. दोघांचे सारखे निघाले तर ते दोघंही गेले, मासा पुढच्याला."

"आणि?" लिफ्टवाले म्हणाले.

"संपलं."

"संपलं?" साडूने उशी पाठीशी नीट लावून घेतली होती, ती काढून बाजूला ठेवली.

पहिला मासा भला थोरला. चार पत्ते उघडले. बायकोचा बारा, मेहुणीचा बारा, चष्मेवाल्याचा सात, आणि लिफ्टवाल्यांचा आठ. मासा लिफ्टवाल्यांकडे. दुसऱ्याला दोघी बहिणींचे अकरा. पुन्हा मासा लिफ्टवाल्यांकडे. तिसऱ्याला दोघींनी एकमेकींकडे असं पाहिलं की आता हिला चकवतेच, आणि दोघींनी दोन टाकले.

"तू मुद्दाम करतेस," बायको म्हणाली.

"मी? ताई, लहानपणापासून माझ्याच रंगाचा फ्रॉक तू घ्यायचीस."

"तुझ्या रंगाचा? मी आधी जन्मले."

"मला वाटतं, तुम्ही दोघींनी असंच चालू ठेवावं," मासे नीट रचत लिफ्टवाले म्हणाले. वर्षभरात त्यांच्या तोंडून एका दमात इतकं मोठं वाक्य निघालं नव्हतं.

डाव वीस मिनिटांत आटोपला. लिफ्टवाले जिंकले. चष्मेवाल्याला खरं तर केवढं बोलायचं होतं. हा तर नुसता चाखायला होता, मोठा खोका आत आहे, आता तुम्हाला सवय झालीच आहे तर... तो अर्धा उठलाही. मेहुणीने नवा चष्मा नाकावर खाली सरकवून त्याच्याकडे पाहिलं. तो बसला.

बायकोने डोळ्यांच्या कोपऱ्यातून एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे.

लिफ्टवाल्यांनी पत्ते गोळा केले, कडा जुळवल्या, पिसले, आणि चकार शब्द न काढता चौघांना पुन्हा वाटून टाकले.

"याला मागणं म्हणत नाहीत," बायको हळूच म्हणाली.

"काय म्हणत नाहीत?" मेहुणीने विचारलं.

"काही नाही. खेळ."

दुसऱ्या डावात बायकोने युक्ती बदलली. बहीण काय टाकेल ते ओळखून ती एकाने कमी टाकू लागली. बहीणही नेमकं तेच करू लागली, त्यामुळे दोघी हातात हात घालून पायरी-पायरीने खाली उतरत गेल्या. चष्मेवाला हसून हसून टेबलावर डोकं टेकून बसला. पण शेवटच्या तीन माशांना बायकोचं बरोबर जमलं, तीनही ओढले, मोजले, तर मेहुणीपेक्षा एक कमी.

"बरं, निघतो आम्ही," घड्याळ बघत मेहुणी म्हणाली. "जाता जाता यांना एक लिफ्ट बघायचीय."

"खाली बस," बायको म्हणाली. "असं जिंकून कुणी जात नाही. लिफ्टवाले, वाटा."

"ताई, लोक अडकलेत का बघायचंय."

"कुणी अडकलंय का?"

"नाही," लिफ्टवाले म्हणाले. ते आधीच वाटत होते. "आणि मलाही आणखी एक डाव हवाच होता. मघाशीच म्हणणार होतो, पण तोंडात शेंगदाणे होते."

चष्मेवाल्याने बायकोकडे बघायचं टाळलं. बायकोने टाळलं नाही. तिने पत्ते हातात पंख्यासारखे उघडले आणि म्हणाली, "बरं. कपाट राहिलं."

"कसलं कपाट?" दोघांनी एकदम विचारलं, तेव्हा सगळी हकीगत बाहेर आली. मेहुणीला इतकं हसू आलं की पत्ते दाखवून बसली आणि तो डाव पुन्हा वाटावा लागला.

सोमवारी सकाळी दुकानाला जायच्या आधी चष्मेवाल्याने कपाटाचे खालचे सगळे खण स्वतःहून रिकामे केले. कुणी सांगितलं नव्हतं. ज्या खोक्यांसाठी भिंतीखेरीज श्रोता मिळणार नव्हता ते सगळे त्याने माळ्यावर चढवले, बंदर सगळ्यात मागे. खणांत रेशमाच्या रिळांचे डबे बरोबर बसले, हलकं झालेलं कपाट थोडं बाजूला गेलं आणि मशीनही सरकत सरकत खिडकीशी आलं. वर अकरा खोके उरले. अकरा पाहून वाईट वाटेल असं त्याला वाटलं होतं, पण तो शीळ घालत होता.

बायको मशीनवर बसली, उजेडात सुई ओवली, एकाच प्रयत्नात.

"अहो, तो माशांचा खेळ दोघांत होत नाही का?"

"होतो, पण मजा चौघांत."

"मग येत्या रविवारी परत बोलावू त्यांना?"

"बोलावून झालं. सकाळीच साडूचा फोन आला होता, मासे धुऊन ठेवा म्हणाले."

"आणि वरचं ते नवं जोडपं?"

"ते काय येतायत आता."

"मी विचारते," मशीन सुरू करत ती म्हणाली. "तुम्ही जिन्यात काही बोलू नका म्हणजे झालं."