आमची डीपी बदलून द्यावी

'मस्त' हा शब्द लीलाबाईंनी फळ्यावर लिहिला आणि लगेच तळहातानं पुसून टाकला.

"हे मत नाही," त्या म्हणाल्या. "गरम भजं तोंडात गेल्यावर माणूस जे बोलतो ते हे. मताला मागून 'कारण' लागतं. कारण नसेल तर मत एका पायावर उभं राहतं, आणि कोणी फुंकर मारली तरी पडतं."

ओसरीवर बसलेल्या चौघांनी माना हलवल्या. खुशी, गोपिका, नयन आणि सगळ्यात लहान श्रावण. आंजीच्या शाळेतून लीलाबाई निवृत्त झाल्या त्याला बरीच वर्षं झाली होती, पण उन्हाळ्याच्या सुट्टीतला त्यांचा सकाळचा वर्ग अजून सुटला नव्हता. या वर्षी मुलांच्या माना सारख्या एकाच मोबाइलवर वाकलेल्या दिसल्या. दुसऱ्या कोणी मोबाइल काढून घेतला असता. लीलाबाई चष्मा लावून त्यांच्यात जाऊन बसल्या आणि काय चाललंय ते विचारलं.

चालला होता 'उजेडपूर' नावाचा खेळ. त्यात एका गावाची वीज आपल्या ताब्यात असते. वीज पुरत नाही, म्हणून कधी या वस्तीची बंद करायची, कधी त्या. बंद केली की पडद्यावरच्या चिमुकल्या माणसांच्या डोक्यावर लाल फुगे येतात. त्या तक्रारी. फार फुगे साचले की आपली खुर्ची जाते. लीलाबाईंनीही एक डाव खेळून पाहिला. त्यांनी सगळी वीज शाळेला दिली. खेळातही उन्हाळ्याची सुट्टी चालू होती. दवाखाना, बाजार आणि पाण्याची टाकी मिळून लाल झाली आणि बाईंची खुर्ची चहा थंड व्हायच्या आत गेली. मुलं हसून लोटपोट झाली.

खेळाच्या आतच 'खेळाडूंची मतं' नावाचा एक फलक होता. कोणीही मत लिहावं, पाचपैकी हवे तेवढे दिवे द्यावेत, दुसऱ्याच्या मताखाली उत्तर द्यावं. लीलाबाईंना तर आयता धडाच सापडला. त्यांनी मताचे तीन भाग पाडून दिले. काय आवडलं, काय खटकलं, आणि शेवटी विनंती. प्रत्येकाला कारण.

नयननं बराच वेळ पेन्सिल चावून लिहिलं की खेळ चांगला आहे, कारण त्यात लाईन गेली तरी खेळणाऱ्याला घाम येत नाही. गोपिकेला लग्नाचा हॉल खटकला. वीज बंद केली की नवरीकडचे तक्रार करतात, नवरदेवाकडचे करत नाहीत. हे बरोबर नाही, कारण अंधार दोन्हीकडे सारखाच असतो. श्रावणचं मत असं पडलं की उजेडपूर हे खरं गाव नाही, कारण तिथे डीपीखाली कुत्रं झोपत नाही.

लीलाबाईंनी तिन्ही मतं मोठ्यानं वाचून दाखवली. मग वाईट मताचा नमुना म्हणून फलकावरचं एक परकं मतही वाचलं. लिहिणाऱ्यानं आपलं नाव 'शांत माणूस' ठेवलं होतं आणि खेळाला एकच दिवा दिला होता. 'खेळ ठीक. पण यातले लोक फार तक्रारी करतात. तक्रारी बंद करायचं बटण द्यावं.'

"यात काय नाही?"

"कारण," चौघं एका सुरात म्हणाले.

खुशीनं विचारायच्या आधीच त्या मताखाली लिहून टाकलं होतं. 'कारण लिहा.' थोड्या वेळानं उत्तर आलं, 'तुम्ही कोण?' खुशीनं खरं ते सांगितलं, 'इयत्ता सहावी.' त्यानंतर शांत माणूस शांत झाला.

मोबाइल खाली ठेवून खुशीनं बाईंकडे पाहिलं.

"बाई, कारण लिवलं तं उत्तर येतेच काय?"

"नीट लिहिलं तर येतंच."

"मंग तुमच्या अर्जाचं काऊन नाई आलं?"

लीलाबाईंनी फळा पुन्हा पुसला. तो आधीच स्वच्छ होता.

गल्लीच्या कोपऱ्यावरची डीपी, म्हणजे ज्या लोखंडी डब्यातून आणि रोहित्रातून सगळ्या घरांना वीज यायची ती, वैशाखाच्या तोंडावर एका दुपारी धडाड आवाज करून जळाली होती. तेव्हापासून गल्लीनं पलीकडच्या वस्तीतून वायर ओढून आणली होती. तिच्यावर एखादा बल्ब लागायचा, मोबाइल चार्ज व्हायचा. पंखा मात्र लावला तर पाती ओळखीचं कोणी दिसल्यासारखी जराशी हलायची आणि थांबायची. सदाशिवरावांची चक्की तर बंदच होती. लाईनमन डोमाजीला विचारलं की तो सायकलवरून न उतरता सांगायचा, वरून आली का लावतो. लीलाबाईंनी स्वतः अर्ज लिहिला होता. त्यात 'रोहित्र' हा शुद्ध शब्द होता, तीन कारणं होती आणि शेवटी नम्र विनंती होती. मुलांना तो नमुना म्हणून वाचूनही दाखवला होता. हीच तर अडचण होती.

"येईल," त्या म्हणाल्या.

खुशीनं वाद घातला नाही. ती आपल्या मताच्या तिसऱ्या भागाकडे वळली. विनंती कोणाला करायची, तर ज्याच्याजवळ वस्तू आहे त्याला, असा तिचा साधा हिशेब होता. उजेडपुरात डीपी जळाली की बोट टेकवायचं, ट्रक येतो, नवी बसते. त्या लोकांजवळ एखादी जास्तीची असणारच. तिनं 'रोहित्र' लिहायला घेतलं तेव्हा लीलाबाईंनीच तिला थांबवलं. अर्जातला तो शब्द त्यांना त्या दिवशी जरा जड वाटत होता.

"लोक बोलतात तोच शब्द लिही. लवकर कळतो."

म्हणून खुशीनं लिहिलं, 'आमची डीपी बदलून द्यावी, कारण जुनी काळी पडली आहे आणि रोज तिच्याकडे पाहून वाईट वाटते.' लीलाबाईंनी एक वेलांटी दुरुस्त केली. विनंतीचा सराव झाला, एवढंच त्यांच्या मनात होतं.

दोन दिवसांनी खेळ बनवणाऱ्यांचं उत्तर आलं. 'प्रिय खेळाडू, आपली अडचण समजली. येत्या रविवारपासून डीपी बदलण्याची सोय देत आहोत. इतक्या मुद्देसूद मतासाठी आभार.'

लीलाबाईंनी ते दोनदा वाचलं. 'मुद्देसूद' शब्दावर त्या जरा जास्त थांबल्या. काहीतरी कुठेतरी चुकतंय असं त्यांना वाटत होतं. पण नीट लिहिलं की उत्तर येतं हे सांगणाऱ्या त्याच होत्या, आणि उत्तर तर हातात होतं. त्या "थांबा रे" म्हणाल्या तोवर ओसरी रिकामी झाली होती.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. नयन सदाशिवरावांचा नातू. सदाशिवरावांनी आधी त्याला वेड्यात काढलं. मग मोबाइलवर छापल्यासारखं उत्तर पाहिलं, आणि सोमवारी चक्की सुरू होणार म्हणून गिऱ्हाइकांना निरोप धाडले. रविवारपर्यंत दुकानात गव्हाची पोती छताला लागली. ज्वारीवाल्या बाया वेगळ्याच.

रविवारी सकाळी चौघं कोपऱ्यावर ट्रकची वाट पाहत उभे होते. ट्रक आला नाही. मोबाइलमधला खेळ तेवढा नवा होऊन आला. प्रत्येक खेळाडूच्या नावाशेजारी आजवर एक करडं गोल तोंड असायचं. आता तिथे लिहिलं होतं, 'तुमची डीपी बदला. फोटो निवडा.'

श्रावणला सगळ्यात शेवटी समजलं. त्यामुळे रडला तोच सगळ्यात जास्त.

सदाशिवराव पिठाचा पांढरा रुमाल खांद्यावर टाकून ओसरीवर आले. बाईंचा मान ठेवून ते पायरीखालीच उभे राहिले, पण आवाज पायरीवर चढला.

"बाई, माह्या दुकानात पाय ठेवाले जागा नाई. लोकायले काय सांगू आता? डीपी मोबाइलात बदलली, गहू तिथंच दळून घ्या?"

"चूक माझी आहे, सदाशिवराव."

"चूक कोनाची का असेना जी. पोतं तं माह्यावर पडून राह्यलं."

ते गेल्यावर लीलाबाईंनी फळ्यावर 'डीपी' लिहिलं आणि खाली दोन आकडे घातले. एका शब्दाला दोन अर्थ असले की बोलणारा एका घरात शिरतो आणि ऐकणारा दुसऱ्या, हे त्यांनी समजावून सांगितलं. मुलं ऐकत होती, पण त्यांच्याकडे बघत नव्हती. शिकवण्याच्या इतक्या वर्षांत लीलाबाईंना ही गोष्ट फार थोड्या वेळा सोसावी लागली होती.

"बाई," खुशी म्हणाली, "त्यायनं तं सोय देल्ली. मंग वापरू ना."

ती कोपऱ्यावर गेली आणि जळालेल्या डीपीचा फोटो काढून आली. काळवंडलेला डबा, लोंबणारी वायर, खांबावर पांढऱ्या रंगात लिहिलेला नंबर आणि खाली पाय ताणून झोपलेलं कुत्रं. फोटो तिच्या नावाशेजारच्या गोलात बसला. नंबर स्पष्ट वाचता येत होता. संध्याकाळपर्यंत चौघांच्याही नावापुढे तोच फोटो आला. मग पलीकडच्या गल्लीतल्या पोरांच्या, मग नयनच्या पुलगावच्या मामेभावांच्या आणि त्यांच्या मित्रांच्या. उजेडपूरचा मतफलक उघडला की आंजीची डीपी रांगेनं खाली उतरत जायची, प्रत्येक गोलात एक झोपलेलं कुत्रं घेऊन. मतंही नीट होती. प्रत्येकाला कारण होतं.

शांत माणसानंही फोटो लावला होता. स्वतःचा नाही. मोटारसायकलच्या टाकीवर ठेवलेलं एक पोपटी हेल्मेट. त्यानं खुशीच्या मताखाली लिहिलं, 'हा फोटो काढा.'

खुशीनं लिहिलं, 'कारण लिहा.'

त्यानं पुन्हा लिहिलं, 'इथे लोक विरंगुळ्यासाठी येतात.'

लीलाबाईंनी ते वाचलं. "कारण आहे," त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या. "पण पुरेसं नाही." खुशीनं हेही कळवलं.

त्याच आठवड्यात एका सकाळी, वर्ग चालू असताना, कोपऱ्यावर खरोखरचा ट्रक आला. डोमाजी सायकलवरून उतरला होता, यावरूनच काहीतरी मोठं घडत असल्याचं गल्लीला कळलं. ट्रकमागून मोटारसायकलवर वीज कंपनीचे साहेब आले. गजेंद्र साहेब म्हणून डोमाजी त्यांना हाका मारत होता. साहेबांनी गाडी लावली, हेल्मेट काढलं आणि टाकीवर ठेवलं.

हेल्मेट पोपटी होतं.

श्रावणनं बोट वर केलं आणि तोंड उघडलं. लीलाबाईंनी स्वतःच्या ओठावर बोट ठेवलं. श्रावणचं तोंड उघडंच राहिलं, पण त्यातून काही आलं नाही.

जुनी डीपी उतरली, नवी चढली. कुत्र्याला उठवायला साहेबांना स्वतःला दोनदा जावं लागलं. दुपारच्या आत गल्लीत एकदम आवाज झाला, सगळ्या घरांतले पंखे एकाच वेळी सुरू झाल्याचा. आणि पलीकडून चक्कीचा. सदाशिवराव काही बोलायला आले नाहीत. त्यांना वेळच नव्हता.

लीलाबाईंनी साहेबांना गूळ-पाणी दिलं. साहेब तरुण होते, डोळ्यांखाली काळं होतं, आणि पाणी पिताना त्यांच्या खिशातला फोन सारखा वाजत होता. त्यांनी तो एकदाही उचलला नाही.

"अर्ज तुमचाच होता ना, बाई?" ते म्हणाले. "अक्षर फार छान आहे."

"तीन कारणं होती त्यात."

"होती. पण अर्ज फार असतात." त्यांनी पेला पायरीवर ठेवला. मग हेल्मेट डोक्यावर चढवून, पट्टा लावता लावता, पोरांकडे न बघता ते म्हणाले, "आम्ही डीपी बदलली. आता तुम्ही पण बदला."

मोटारसायकल वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा कुठे श्रावणनं तोंड मिटलं.

"बाई," खुशीनं विचारलं, "डीपी तुमच्या अर्जानं आली का आमच्या मतानं?"

लीलाबाईंनी खडू उचलला, पुन्हा ठेवला.

"मले नाही माहीत," त्या म्हणाल्या. वर्गात त्या असं सहसा बोलत नसत. 'मले' तर कधीच नाही.

खुशीनं नवा फोटो लावला. नवी कोरी डीपी, तोच खांब, तोच नंबर. कुत्रं तोवर परत येऊन झोपलं होतं, त्यामुळे श्रावणचीही हरकत नव्हती. एकेक करून सगळ्यांचे फोटो बदलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंख्याखाली वर्ग भरला तेव्हा खुशीनं मोबाइल बाईंपुढे धरला. शांत माणसानं आपलं जुनं मत खोडून नवं लिहिलं होतं. दिवे तीन.

'खेळ ठीक. यातले लोक फार तक्रारी करतात, कारण त्यांच्या हातात तेवढंच असतं. खुर्चीवाल्याच्या हातात किती असतं, तेही खेळात दाखवावं.'

लीलाबाईंनी ते हळूहळू वाचलं. मग चष्मा काढून पदरानं पुसला आणि परत वाचलं. काय आवडलं, काय खटकलं, विनंती. एकही वेलांटी चुकलेली नव्हती.

"उत्तर काय देऊ?" खुशीनं विचारलं.

"'पटलं' म्हणून लिही."

"आन् कारण?"

लीलाबाईंनी वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं.

"या वेळी राहू दे," त्या म्हणाल्या.